बाई, वडगाव तीन झाली की!

जुलैचा पहिला आठवडा, पाचवी ब. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे कॉमन नाउन, म्हणजे सामान्यनाम, उजवीकडे प्रॉपर नाउन, म्हणजे विशेषनाम. डावीकडे बॉय, रिव्हर, व्हिलेज. उजवीकडे वर्गातल्याच एका मुलाचं नाव, मग कृष्णा ही नदी, वडगाव हे गाव. तेवीस वर्षं हा तक्ता मी असाच काढत आले आणि त्याखाली एक वाक्य लिहीत आले: जगात जे एकच असतं ते प्रॉपर, जे पुष्कळ असतात ते कॉमन. मुलं ते उतरवून घेतात, घटक चाचणीत तसंच लिहितात, मार्क मिळतात.

यंदा तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, आमचं वडगाव हवेली. मामाचं पेठ वडगाव. आन् आत्या दिलीय ती वडगाव मावळात. वडगाव तीन झाली की! मग ते कॉमनच ना?"

मी त्याला बस म्हटलं, उद्या सांगते म्हटलं. तास संपला होता म्हणून नव्हे. मला उत्तर येत नव्हतं म्हणून.

माझ्याच वाक्याप्रमाणे पोराचं बरोबर होतं. एकाहून जास्त वडगावं आहेत. आमच्या कराड तालुक्यात एक, हातकणंगले तालुक्यात एक, पुण्याकडे आणखी. शिवाय शब्द सोडवला तर काय निघतं? वडाचं गाव. वड आणि गाव, दोन्ही अगदी साधी सामान्यनामं. आणि उलट बाजूने पाहिलं तरी माझं वाक्य टिकत नव्हतं. आकाशात सूर्य एकच आहे, तरी इंग्रजीत तो एरवी छोट्या एसनेच लिहितात. पाचवी ब मध्ये पाटील आडनावाची सहा मुलं आहेत, म्हणून पाटील काही कॉमन नाउन होत नाही. जे वाक्य मी तेवीस वर्षं मुलांच्या वहीत घातलं ते चूक होतं, आणि ते सांगायला एक दहा वर्षांचा मुलगा उभा राहावा लागला.

संध्याकाळी एसटीत बसले होते. पुढच्या सीटवर दोन माणसं, एकमेकांना अनोळखी. पहिल्यानं विचारलं, "कुठले तुम्ही?" दुसरा म्हणाला, "कराडचे." पहिला म्हणाला, "प्रॉपर कराड का?" "नाही नाही, प्रॉपर मसूर." हा संवाद आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलेला आहे. प्रॉपर म्हणजे खास तिथला, स्वतःच्या गावचा. आणि मुलांना हा शब्द मी कधी उलगडून सांगितलाच नव्हता. त्यांना प्रॉपर म्हणजे 'नीट' एवढंच माहीत. युनिफॉर्म प्रॉपर घालून या, लाइन प्रॉपर लावा. मग कॉमन नाउन म्हणजे बिघडलेलं नाउन असंही कोणाला वाटत असेल.

घरी येऊन शब्दकोश काढला. प्रॉपर हा शब्द लॅटिन 'प्रोप्रियुस'वरून आला, अर्थ 'स्वतःचं'. त्याच मुळातून प्रॉपर्टी. कॉमन आला 'कम्युनिस'वरून, अर्थ 'सगळ्यांचं'. इंग्लंडच्या खेड्यात गावानं मिळून गुरं चारायची जी जमीन असायची, तिचं नावच मुळी 'कॉमन'. म्हणजे आपलं गायरान! मी स्वयंपाकघरातच उभी होते, गॅसवर आमटी होती, आणि मला एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं. कॉमन नाउन म्हणजे गायरान. 'गाय' हा शब्द सगळ्या गायींचा. कुठलीही गाय त्यात चरू शकते. प्रॉपर नाउन म्हणजे सातबारा. तो कुणाच्या तरी नावचा असतो.

आणि वडगावचं? एका गावात बाळू पाटील तीन असले तरी तिघांचे उतारे वेगळे. नाव सारखं आहे म्हणून रान सामाईक होत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा तक्ता तसाच काढला, पण खालचं वाक्य लिहिलं नाही. कालच्या मुलाला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तू बरोबर होतास, मी शिकवलेलं वाक्य चुकीचं होतं. मग गायरान आणि सातबारा सांगितलं. शेतकऱ्यांची पोरं, सातबारा म्हटल्यावर पाठीचे कणे ताठ झाले. पण ज्यांच्या घरी जमीन नाही अशीही मुलं वर्गात आहेत, हे माझ्या मध्येच लक्षात आलं. म्हणून दुसरा एक प्रश्न दिला, जो सगळ्यांच्या घरात चालतो: त्याचं बारसं झालंय का?

टेबल? बारसं नाही. नदी? नाही. कृष्णा? झालं. धरण? नाही. कोयनेच्या धरणामागचा जलाशय? एकीला माहीत होतं, शिवसागर, म्हणजे झालं. रेल्वे? नाही. कराडवरून मुंबईला जाते ती गाडी? "कोयना एक्सप्रेस! झालंय, बाई!" बैल? इथे वर्गात गोंधळ. अर्धे नाही म्हणाले, अर्धे हो. ज्यांच्या दारात बैल आहेत ते हो म्हणणारे. मग त्यांचं त्यांनीच मिटवलं: बैल म्हटलं तर नाही, आमचा राजा म्हटलं तर हो. 'राजा' हा शब्द मी फळ्यावर दोन्ही बाजूंना लिहिला. डावीकडे गोष्टीतला राजा, ज्याला इंग्रजीत 'किंग' म्हणायचं. उजवीकडे गोठ्यातला राजा, ज्याला इंग्रजीतही राजाच म्हणायचं. गोठ्यातल्या राजाला किंग म्हणून हाक मारली तर तो मान तरी वळवेल का, असं एकीनं विचारलं. इतकं नेमकं मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

भाषांतराची ही कसोटी मी आता सर्रास वापरते. 'तारा' या शब्दाचं इंग्रजी करताना तारा म्हणजे शेजारची मुलगी असेल तर ती ताराच राहते, आकाशातला असेल तर स्टार होतो. कसोटी सगळीकडे चालत नाही हेही सांगते, नाहीतर पुन्हा कुणीतरी तिसऱ्या बाकावरून उठेल. भारताचं इंडिया होतं, सोमवारचं मंडे होतं. वारांचं तर फार सुंदर आहे. आपला सोमवार चंद्राचा, त्यांचा मंडेही चंद्राचा. आपला शनिवार शनीचा, त्यांचा सॅटर्डे सॅटर्नचा. वार आणि महिने इंग्रजीत प्रॉपर, मोठ्या अक्षरानं सुरू. समर, विंटर हे ऋतू मात्र छोट्या अक्षरानं. इथे बारशाची कसोटी ताणायला लागते, त्यामुळे हे मी सरळ पाठ करायला सांगते.

आता मोठ्या अक्षराबद्दल. हा खरा दुखरा भाग आहे.

देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही. 'कृष्णा' नदी असो की 'काळा' दगड असो, क तोच. आपला डोळा अक्षराच्या उंचीवरून अर्थ काढायला शिकलेलाच नसतो. मी स्वतः इंग्रजी पाचवीत शिकायला लागले, कारण महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २०००च्या जूनपासून. आम्हाला आधी एबीसीडीच्या चार लिप्या गिरवायला लावायच्या: छापील मोठी, छापील छोटी, लिहायची मोठी, लिहायची छोटी. चाररेघी वही, वरखाली तांबड्या रेघा, मध्ये निळ्या. चार लिप्या कशाला हव्यात हे कुणी सांगितलं नाही. मला बराच काळ वाटायचं की मोठी लिपी पाहुण्यांसाठीच्या कपबशीसारखी आहे, चांगल्या प्रसंगी काढायची.

आणि आमची मुलं तसंच करतात. निबंधात 'टीचर'चा टी मोठा, 'फार्मर'चा एफ मोठा, 'फादर'चा एफ मोठा, 'सोल्जर'चा एस मोठा. पूर्वी मी लाल शाईनं गोल करून चूक मोजायचे. मग एकदा एका मुलीला जवळ घेऊन विचारलं, टी मोठा का काढलास? ती म्हणाली, "बाई, तुमाला छोटा टी कसा काढू?" तेव्हा उलगडलं. मराठीत आपण बाई आल्या म्हणतो, वडील आले म्हणतो, एका माणसाला बहुवचन लावून मान देतो. इंग्रजीत 'कम' आणि 'केम' सगळ्यांना सारखंच. मान द्यायला जागाच नाही. म्हणून मुलांनी स्वतःच ती जागा शोधली, मोठ्या अक्षरात. ती चूक आहे, पण तिच्यामागे संस्कार आहे, आणि तिला लाल गोल करणं मला आता जमत नाही. मी पेन्सिलनं छोटा टी लिहिते आणि शेजारी सांगते की इंग्रजीत मान या अक्षरात नसतो.

एवढं मात्र त्यांच्या मनावर पक्कं बिंबवते की मोठ्या अक्षरानं नाम विशेष होत नाही. नाम विशेष आहे म्हणून मोठं अक्षर येतं. मोठं अक्षर हा रिवाज आहे आणि रिवाज बदलतात. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजीतही साधी सामान्यनामं सर्रास मोठ्या अक्षरानं लिहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेची १७८७ची हस्तलिखित प्रत पाहिली तर पहिल्याच वाक्यात 'पीपल', 'ऑर्डर', 'युनियन' असे शब्द मोठ्या अक्षरानं आहेत. जर्मन भाषेत आजही प्रत्येक नाम, अगदी टेबल-खुर्चीसुद्धा, मोठ्या अक्षरानं लिहितात. डॅनिश भाषेतही तसंच होतं, त्यांनी १९४८ मध्ये ते सोडलं. म्हणजे आमची टीचरला मोठा टी देणारी मुलगी अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये असती तर तिचे मार्क गेले नसते. हे वर्गात सांगितलं की मुलांचे चेहरे फुलतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक अन्याय झाला होता, तोही लिहून टाकते. आठवीतल्या एका मुलानं इंग्रजीच्या वहीत विज्ञानाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात 'टेन न्यूटन्स' असं होतं, एन छोटा. मी तो मोठा करून अर्धा मार्क कापला. न्यूटन हा माणूस, माणसाचं नाव प्रॉपर, विषय संपला. मुलगा विज्ञानाची वही घेऊन आला. तिथे सरांनी छोट्या एनवर बरोबरची खूण केली होती. मी त्याला, थोड्या रागातच, जागेवर पाठवलं. नंतर स्टाफरूममध्ये सरांना विचारलं तर त्यांनी शांतपणे सांगितलं: एककाचं नाव पूर्ण लिहिलं की पहिलं अक्षर छोटं. न्यूटन, वॉट, व्होल्ट, अँपिअर, पास्कल, सगळी माणसं, पण एकक झाली की छोट्या अक्षरानं. चिन्ह मात्र मोठं, कारण ते माणसाची आठवण ठेवतं. अपवाद सेल्सिअस, तो 'डिग्री सेल्सिअस' असा मोठ्या सीनेच लिहायचा. मी मुलाला अर्धा मार्क परत दिला आणि माफी मागितली. पण त्या दिवसापासून न्यूटन हा शब्द माझ्या आवडीचा आहे. एका माणसाचा सातबारा जगाच्या गायरानात गेला. झेरॉक्सचंही तेच: कंपनीचं नाव, पण तहसील कचेरीबाहेर 'आधारची एक झेरॉक्स काढा' म्हणताना कुणाच्या मनात कंपनी नसते.

उलटा प्रवासही आहे, आणि तो आपल्याकडे जास्त दिसतो. नगर म्हणजे शहर, कुठलंही. पण 'मी नगरहून आले' म्हटलं की सगळ्यांना कळतं कुठलं. त्या शहराचं अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तरी बोलताना 'नगर' तसंच राहिलं. मुंबईत फोर्ट आहे. किल्ल्याचे तट १८६०च्या दशकात पाडले, आता तिथे कचेऱ्या आणि पुस्तकांचे फेरीवाले, पण भाग फोर्टच. इंग्रजीत लिहिताना पन्हाळ्याचा 'फोर्ट' एकटा आला तर छोट्या एफने, मुंबईचा फोर्ट मोठ्या एफने. पुण्यात कॅम्प, तोही तसाच. गायरानातलं एखादं रान कुणी कुंपण घालून स्वतःच्या नावावर केलं, इतकं ते सरळ आहे.

स्टाफरूममधल्या संस्कृतच्या बाईंना हे सगळं सांगत होते. त्या म्हणाल्या, अहो, पतंजलीनं महाभाष्यात हे सांगून ठेवलंय. शब्द चार तऱ्हेचे: जातीचा, गुणाचा, क्रियेचा आणि चौथा यदृच्छेचा, म्हणजे ठेवणाऱ्याच्या मनाला येईल तसा ठेवलेला. त्यांची नेहमी देतात ती उदाहरणं गौः, शुक्लः, चलः आणि डित्थः. गाय ही जात, पांढरी हा गुण, चालणारी ही क्रिया, आणि डित्थ हे नुसतं नाव. मी विचारलं, डित्थ म्हणजे काय? बाई म्हणाल्या, काही नाही, म्हणूनच तर तो यदृच्छाशब्द. दोन हजार वर्षांहून जुन्या पुस्तकात माझं बारसं लिहिलेलं होतं. हिंदीत आजही कॉमन नाउनला जातिवाचक म्हणतात, ते मला आपल्या 'सामान्यनाम'पेक्षा जास्त नेमकं वाटतं. सामान्य म्हटलं की मुलांना कमी प्रतीचं वाटतं, कॉमन म्हटलं की बिघडलेलं. जात हा शब्द मात्र वर्गात वापरायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून मी 'प्रकार' म्हणते.

इंग्रजीतल्या 'द' या आर्टिकलचा घोळ वेगळाच आहे. प्रॉपर नाउनला आर्टिकल लावायचं नाही म्हणून सांगायचं आणि पुढच्याच पानावर 'द कृष्णा', 'द कोयना', 'द सह्याद्रीज' यायचे. नद्यांना लागतं, समुद्रांना लागतं, डोंगररांगांना लागतं. एकट्या शिखराला नाही, कळसूबाईला नाही, गावाला नाही. मी समजावते की 'द कृष्णा'च्या पुढे 'रिव्हर' हा शब्द गुपचूप उभा आहे, 'द' त्याचा आहे. मुलांना पटतं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी 'आई' या शब्दावर घालवते. इंग्रजीत 'माय मदर' म्हटलं तर मदरचा एम छोटा. 'मदर इज इल टुडे' असं, जणू तिचं नावच घेतलं, तर एम मोठा. एकच शब्द, एकच बाई. आधी 'माझी' आलं तर ती एका प्रकारातली, नुसती हाक आली तर ती तिची स्वतःची. हा नियम पुस्तकात अर्ध्या ओळीचा असतो. मला तो शिकवताना आवाज सांभाळावा लागतो.

मी लहान असताना शेजारची मैत्रीण तिच्या आईला 'आई' म्हणून हाक मारायची आणि मला राग यायचा. ते माझ्या आईचं नाव होतं. दुसऱ्या कुणाच्या आईलाही आई म्हणतात हे मान्य करायला मला वेळ लागला. माझ्या आईचं कागदोपत्री नाव मी पहिल्यांदा वाचलं ते रेशनकार्डावर, तिसरी-चौथीत असेन. कितीतरी वेळ मी त्या नावाकडे बघत राहिले होते, कारण ती कोण बाई हे मला कळेना. प्रत्येक मूल सुरुवातीला असंच असतं. त्याच्यासाठी आई हे प्रॉपर नाउन, घर हे प्रॉपर नाउन, भूभू म्हणजे दारातलाच एक. मग हळूहळू कळतं की आया पुष्कळ आहेत, घरं पुष्कळ आहेत. आई गेली त्याला आता चार वर्षं झाली. फळ्यावर 'मदर'चा मोठा एम काढताना खडू मी जरा हळू चालवते.

परवा बेंदूर झाला, बैलांचा सण. शाळा अर्ध्या दिवसाची. सोमवारी वह्या आल्या, 'अवर ॲनिमल्स' या विषयावर पाच ओळी. वडगाव हवेलीच्या त्या मुलाची वही मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. 'वुई हॅव टू बुल्स', बीचा आकार छोटा. 'राजा अँड सर्जा आर अवर बुल्स', आर मोठा, एस मोठा. तिसऱ्या ओळीत राजाच्या शिंगांना रंग लावल्याचं होतं. चौथ्या ओळीत राजाचा आर आधी छोटा लिहिलेला दिसत होता. त्यावर खोडरबर इतकं घासलं होतं की कागद विरला होता, आणि त्या विरलेल्या जागी पेन्सिल दाबून त्यानं मोठा आर काढला होता, चार रेघांच्या वर डोकावणारा.